मंगळवारचा फोन

मला फोन आवडत नाही. आताही घरातली मुलं हातात मोबाइल देतात तेव्हा मी तो कानापासून चार बोटं लांब धरते. त्यांना वाटतं, म्हातारीला जमत नाही. जमतं. चौथीपर्यंत शाळा झाली आहे माझी, आकडे वाचता येतात, बटणं दाबता येतात. पण फोनवर मी एकदा विश्वास ठेवला होता आणि त्यात मुलगी जाता जाता राहिली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही मूळचे मुक्ताईनगरकडचे. ह्यांचं केळीचं काम होतं. दिल्लीचा भाव सकाळीच कळला नाही तर कापलेल्या घडांचं काय करायचं हे ठरत नसे, म्हणून आमच्या भागात फोन लवकर आले. गावात धड रस्ता नव्हता तेव्हाही एका केळीवाल्याच्या ओट्यावर काळा फोन होता. पुढे आम्ही जळगावला राहायला आलो आणि घरात फोन आला. हे वारले, केळीचं काम बंद झालं, फोन राहिला.

मुलगी दिली होती साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. बाजरी, नागली, भुईमूग, सगळी पावसावरची शेती. तिथल्या बाजरीचा भाव विचारायला दिल्लीहून कोणी फोन करणार नव्हतं, म्हणून तिथे तारही कोणी नेली नाही. गावाला एकच फोन, तो किराणा दुकानात. दुकानाच्या छपरावर लोखंडी नळी उभी केली होती, तिला अँटेना, आणि बाजूला उन्हावर बॅटरी भरणारी काच. ऊन असेल तर फोन चालायचा. ढगाळ दिवस असले की दोन-चार फोन झाले की बॅटरी उतरायची, मग ऊन पडेपर्यंत बंद.

मुलीला आठवा महिना होता. तिचं पहिलं मूल आठव्यातच पोटात गेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून सासरच्यांनी तिला सातव्यात एसटीत बसवून जळगावला आणली होती. रस्ता खराब, दोन ठिकाणी गाडी बदलायची. आल्यावर पाय सुजले, रक्तदाब चढला आणि महिन्याभरात ते झालं. डॉक्टर म्हणाले होते की प्रवासाचा संबंध नाही, हा रक्तदाबाचाच आजार. मी ते ऐकलं नाही. भेटायला आलेल्या दहा बायकांसमोर मी विहीणबाईंना बोलले. म्हणाले, मला न विचारता पोरीला एसटीत कोंबली, हाडं खिळखिळी करून पाठवली, आता यापुढे मला विचारल्याशिवाय तिला घराबाहेर हलवायची नाही. विहीणबाई खाली मान घालून ऐकत होत्या. त्या परत जाताना मी त्यांना दारापर्यंत पोचवायलाही गेले नाही.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले तेव्हा त्या म्हणाल्या, आता बाळंतपण आमच्याकडेच करू. मला नाही म्हणता येईना. माझ्या घरी काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा आम्ही अशी व्यवस्था लावली. त्यांच्या गावात दर मंगळवारी नर्सबाई यायच्या आणि रक्तदाब मोजायच्या. मोजून झालं की अकराच्या सुमारास मुलगी दुकानात जाऊन मला फोन करायची आणि वरचा आकडा, खालचा आकडा सांगायची. मी तो कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकोनात लिहायची. जळगावच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं की वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तर एक दिवसही थांबायचं नाही, सरळ धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हे मी मुलीला सांगितलं होतं. विहीणबाईंना सांगितलं नव्हतं. त्यांना मी जे सांगितलं होतं ते वर लिहिलंच आहे.

जावई शाळामास्तर. त्यांची बदली शिरपूरकडे झाली होती, शनिवारी घरी यायचे. म्हणजे मंगळवारी घरात सासू आणि सून. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

आता माझ्या मुलाचं सांगते. तो कॉम्प्युटर शिकला होता आणि घरीच मागच्या खोलीत बसून कारखान्यांच्या यंत्रांचे नकाशे काढायचा. ते नकाशे आधी कुरिअरने मुंबईला जायचे. त्या वर्षी त्याने इंटरनेट घेतलं. फोनच्या तारेला एक डबी जोडली. ती डबी चालू केली की मांजरांची भांडणं लागल्यासारखा आवाज यायचा, मग शांत व्हायची. मग पडद्यावर एक निळी पट्टी दिसायची आणि ती डावीकडून उजवीकडे सरकायची. सरकायची म्हणजे काय, मी भाजी निवडून, भाकरी थापून, जेवायला वाढून यायची तेव्हा ती दोन बोटं पुढे गेलेली असायची. मुलगा म्हणायचा, मुंबईत हेच काम दहा मिनिटांत होतं, आपल्याकडे तारा जुन्या आहेत, दीड तास लागतो. आणि दीड तासात मधेच तुटलं तर पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे घरात एक नियम झाला. तो बसला असेल तेव्हा पुढच्या खोलीतला फोन कोणी उचलायचा नाही. एकदा शेजारणीने उचलला, तिला किरकिर ऐकू आली आणि मागच्या खोलीत मुलाने डोक्यावर हात मारला. दीड तासाचं काम गेलं होतं. तेव्हापासून तो बसला की मी फोनवर टॉवेल टाकून ठेवायची, म्हणजे कोणी विसरून हात लावायला नको.

फोन उचलला तर त्याचं तुटतं, एवढं मला कळलं होतं. पण तो बसला असताना बाहेरून फोन येऊच शकत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. माझी समजूत अशी की वीज कशी, एका तारेवर पंखाही चालतो आणि दिवाही लागतो. तसंच हेही असणार.

पोळा होऊन गेला होता. चार दिवस आभाळ भरून होतं, पाऊस पडत नव्हता आणि ऊनही नव्हतं. त्या मंगळवारी मुलगा सकाळी साडेआठला बसला. दहापर्यंत होईल म्हणाला. पावणेदहाला पट्टी शेवटाला आली आणि तुटली. तो शिव्या देत पुन्हा बसला. साडेदहाच्या आसपास ती पुन्हा तुटली आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मी साडेदहापासून फोनजवळ पाट घेऊन बसले. मागच्या मंगळवारी वरचा आकडा एकशेचाळीस आला होता. त्याआधी एकशेतीस. कॅलेंडरवर दोन्ही चौकोन एकाखाली एक दिसत होते. मी कुळीथ निवडायला घेतले आणि निवडलेले पुन्हा निवडले.

अकरा वाजले. सव्वा अकरा. मी मागच्या खोलीच्या दारात जाऊन मुलाला विचारलं, फोन येईल ना? तो पट्टीकडे बघत होता. मान न वळवता म्हणाला, "येईल, येईल."

त्याला म्हणायचं होतं, माझं झाल्यावर येईल. मला वाटलं, कधीही येईल. मी परत पाटावर जाऊन बसले. टॉवेलखालच्या फोनकडे बघत बसले. दोनदा वाटलं की उचलून बघावं, चालू आहे की नाही. पण त्याचं काम तुटेल म्हणून उचलला नाही.

पावणेबारा झाले. मग मी स्वतःलाच समजावलं. नर्सबाई उशिरा आल्या असतील. दुकानदार बाहेर गेला असेल. दुकानाबाहेर रांग असेल, कारण त्या गावात एक जण फोन लावायला बसला की मागे पाच जण उभे असतात. सगळी कारणं मी त्या गावातली शोधली. माझ्या घरातलं कारण मला सुचलं नाही.

सव्वाबाराला मुलगा उठला, अंग ताणून म्हणाला, गेलं एकदाचं. मी टॉवेल काढला आणि त्यालाच दुकानाचा नंबर लावायला सांगितला. पाच-सहा वेळा नुसता खडखडाट झाला, सातव्या वेळी घंटी गेली. मी रिसीव्हर हिसकून घेतला. घंटी वाजत होती. वाजत राहिली. कोणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा घंटी, पुन्हा कोणी नाही. माझ्या डोळ्यांसमोर दुकान उघडं आहे, फोन वाजतो आहे आणि सगळं गाव आमच्या मुलीच्या दारात गोळा झालं आहे, असं चित्र उभं राहिलं.

मागच्या गल्लीत टेलिफोन खात्यातले एक लाइनमन राहायचे. जेवायला घरी आले होते. मी तशीच चपला घालून गेले. त्यांना म्हटलं, भाऊ, घंटी वाजते आणि कोणी उचलत नाही, काय झालं असेल?

ते ताटावरून म्हणाले, "अक्का, ती घंटी तुमच्या कानात वाजते. तिथे वाजते असं कोणी सांगितलं?"

मला कळलं नाही. त्यांनी घास बाजूला ठेवून नीट सांगितलं. आपल्याला ऐकू येते ती घंटी ऑफिसातलं यंत्र आपल्या कानात वाजवतं. तिकडची बॅटरी उतरलेली असली, अँटेना पडलेली असली, तरी इकडे घंटी ऐकू येऊ शकते. तिकडच्या फोनला त्याचा पत्ताही नसतो. मग ते म्हणाले, तिने सकाळी लावला असेल, तुम्ही कुठे बाहेर होतात का? मी म्हटलं, साडेदहापासून फोनजवळून हललेले नाही, मुलगा मागे इंटरनेटवर होता आणि मी पुढे बसले होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत.

"अक्का, एका तारेवर एकच जण. तो बसला होता तोवर तुमचा फोन एंगेज."

मी घरी आले. मुलाला विचारलं, तुला माहीत होतं? त्याला माहीत होतं. त्याला आज मंगळवार आहे हे लक्षात नव्हतं. आणि तो जे पुढे बोलला ते मी अजून विसरले नाही. तो म्हणाला, "एंगेज लागला तर पुन्हा लावेल ना ती. त्यात काय एवढं?"

जळगावात वाढलेला. इथे फोन एंगेज लागला तर माणूस पाणी पिऊन येतो आणि पुन्हा लावतो. तिच्या गावात एक फोन लागायला कधी अर्धा तास जातो, आणि ढगाळ दिवसात प्रत्येक खेपेला बॅटरी थोडी खाली जाते. पुन्हा लावायला बॅटरी शिल्लक असावी लागते. हे मी त्याला सांगितलं नाही. नऊवारीवर शाल घेतली, पिशवीत एक लुगडं टाकलं. तो म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, तू फोनजवळ बस, आणि त्या डबीला हात लावलास तर ती मी विहिरीत टाकीन.

एक वाजताची धुळे गाडी मिळाली. एरंडोल, पारोळा. खिडकीबाहेर कपाशी होती, माझं लक्ष नव्हतं. मी एकच हिशेब करत होते. आकडा वाढला असेल तर त्यांनी तिला धुळ्याला आणलं असेल का? आणलं असेल तर मी साक्रीला जाऊन उपयोग नाही, ती धुळ्यात आणि मी पुढे निघून गेलेली. नसेल आणलं आणि मी धुळ्यात शोधत बसले तर तिकडे उशीर होईल. विचारायचं कोणाला? एक मुलगी, एक रस्ता, आणि ती त्या रस्त्यावर कुठे आहे हे सांगणारं कोणी नाही.

धुळ्याच्या स्टँडवर उतरले आणि बूथवरून घरी फोन लावला. एका घंटीत मुलाने उचलला. काही निरोप आला नाही म्हणाला. दुकानाचा नंबर लावून घेतला. घंटी वाजत राहिली. आता ती घंटी खोटी आहे हे मला माहीत होतं, तरी मी ती तुटेपर्यंत ऐकली. साक्रीची गाडी सुटायला लागली होती. दवाखाना स्टँडपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मी दोन पावलं रिक्षाकडे गेले, मग वळून गाडीत चढले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दहा बायकांसमोर मी जे बोलले होते, मला विचारल्याशिवाय तिला हलवायची नाही, ते आठवलं असेल.

साक्रीहून पुढे एका टेम्पोत बसून गेले. गावात शिरताना दुकान आधी लागतं. दुकानदार ओट्यावर बसला होता. फोन फळीवर होता. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला की बॅटरी बाराच्या सुमारास उतरली, तुमची मुलगी इथे बराच वेळ बसली होती.

घराकडे वळले तर दारात जीप उभी. मला वाटलं, संपलं. जीपमध्ये ड्रायव्हर टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. ओट्यावर विहीणबाई बसल्या होत्या, शेजारी गाठोडं बांधून ठेवलेलं, वर पाण्याचा तांब्या. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"पोरनी तीनदाव फोन लावा," त्या म्हणाल्या. "तुमना फोन एंगेजच व्हता."

सकाळी वरचा आकडा एकशेसाठ आला होता. नर्सबाई म्हणाल्या होत्या, धुळ्याला न्या. विहीणबाईंनी बारा वाजायच्या आत साक्रीहून जीप मागवली होती. गाठोडं बांधलं होतं. सगळं तयार होतं. फक्त मला विचारायचं राहिलं होतं. आठव्यात बाईला गावाबाहेर काढायचं, आणि पुन्हा काही झालं तर त्या दहा बायकांसमोर पुन्हा उभं राहायचं, एवढी त्यांची हिंमत नव्हती. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आते तुम्हीच सांगा. काढू का जीप?"

मुलगी आत खाटेवर होती. डोळ्यांवर पदर घेऊन पडली होती, कारण उजेड सहन होत नव्हता. डोकं फुटतंय म्हणाली. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. मी बाहेर येऊन ड्रायव्हरला हलवलं.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय विहीणबाईंच्या मांडीवर होते. नेर मागे पडल्यावर तिला झटका आला. हातपाय ताठ झाले, दात बसले. विहीणबाईंनी पदराचा बोळा करून तिच्या दातांत घातला. तो घालू नये असं नंतर डॉक्टर म्हणाले. मीही तेच केलं असतं. दुसरा झटका दवाखान्याच्या दारात आला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, सकाळपासून काय करत होता?

ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी झाली, दोन्ही ओंजळीत मावेल एवढी. ती काचेच्या पेटीत राहिली आणि जगली. आता तिचं लग्न झालं आहे. तिची आई दोन दिवस शुद्धीवर नव्हती.

पुढचं आधीच सांगून टाकते. मुलाने त्याच आठवड्यात दुसऱ्या लाइनीचा अर्ज केला आणि महिन्याभरात ती आली. एक माझी, एक त्याच्या डबीची. लाइनमन भाऊ स्वतः तार ओढायला आले होते. मुलीच्या गावात तार यायला त्यानंतर किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही, पण ती काचेच्या पेटीतली पोर तोवर शाळेत जायला लागली होती. मुलावर मी ओरडले नाही. ओरडायला तोंड नव्हतं, कारण त्याची चूक एका सकाळची होती आणि माझी दोन वर्षांची. विहीणबाईंची माफी मी मागितली, दवाखान्याच्या नळावर धुणं धुताना. त्यांनी हातातलं लुगडं पिळून दोरीवर टाकलं आणि म्हणाल्या की साबण संपत आला आहे, उद्या आणावा लागेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीने डोळे उघडले. एका डोळ्याला अजून अंधूक दिसत होतं, मी आहे की सासू आहे हे ओळखायला तिला वेळ लागला. आवाजावरून ओळखलं. तिला बाळ आहे हे सांगितलं. तिने एवढंच विचारलं की रडलं का. मी म्हटलं, रडलं.

मग तिने विचारलं, "आई, इतका वेळ कोणाशी बोलत होतीस?"

मी म्हटलं, कोणाशी नाही. तिच्या भावाच्या कामाचं, त्या डबीचं जेवढं मला कळलं होतं तेवढं सांगितलं. तिला ते समजलं की नाही कोण जाणे. ती छताकडे बघत होती.

"मला वाटलं, तू बोलते आहेस," ती म्हणाली. "म्हणून मी थांबले. आत्याबाई दुपारी निघू म्हणत होत्या, मीच म्हटलं, आई घरीच आहे, फोन चालू आहे, आता ठेवेल. बॅटरी गेल्यावरही घरी येऊन मी तेच म्हणत होते."

मी वाटीतलं पाणी कापसाने तिच्या ओठांना लावलं. तिने मान हलवून आणखी मागितलं. डॉक्टरांनी जास्त देऊ नका सांगितलं होतं, म्हणून मी दिलं नाही.